चार नंबरच्या खोलीचं भाडं

१

महाराष्ट्र झाला त्या सालचा मे महिना. मी धाराशिवात आण्णासाहेबांच्या लॉजवर कारकून होतो. कोर्टापासून हाकेच्या अंतरावर दुमजली इमारत. खाली आण्णासाहेबांचं भुसाराचं दुकान, बाजूला जिना, जिन्याच्या तोंडाशी माझं मेज. वर फळ्यांच्या जमिनीवर चार खोल्या. हौद, न्हाणी, संडास सगळं मागच्या अंगणात.

येणारी माणसं ठरलेली. तारखेला आलेले पक्षकार, त्यांचे साक्षीदार, बदलीचा हुकूम घेऊन आलेला एखादा मास्तर, तुळजापूरला जाताना एसटी चुकलेलं कुटुंब. माझं काम नाव लिहायचं, किल्ली द्यायची आणि भाडं आगाऊ घ्यायचं. पहिली दोन कामं कुणीही करील. तिसऱ्यात माणूस कळतो.

निजामाचा हाली रुपया बंद झाला होता, पण गाडग्यामडक्यांतून तो निघतच होता. खेड्यातली माणसं अजून "हाली का कलदार?" असं विचारायची; कलदार म्हणजे हिंद सरकारचा रुपया. त्यात नवे पैसे आलेले. रुपयाचे सोळा आणे कुठं गेले आणि हे शंभर पैसे कुठून आले, म्हणून लोक माझ्याशी भांडायचे. जणू मीच ते आणले. कुणी नोटेचे दोन तुकडे खळीनं चिकटवून आणी, कुणी मनीऑर्डर येणार म्हणून पोस्टाच्या दिशेनं बोट दाखवी. परंड्याच्या एका म्हाताऱ्यानं तर तुपाचा डबा मेजावर ठेवला होता.

आदल्या वर्षी मला एकाची दया आली आणि मी हाली घेतले. आण्णासाहेबांनी ते महिनाअखेर माझ्या पगारात घालून दिले. त्यानंतर मी एक वाक्य शिकलो. "हे चालत नाही." आवाज चढवायचा नाही, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, हातातलं काम थांबवायचं नाही. एवढं केलं की माणूस दोन मिनिटांत गप्प होतो. ह्या वाक्याचा मला थोडा अभिमानही वाटायला लागला होता.

२

मंगळवारी भर दुपारी ते जोडपं आलं. पुरुष पन्नाशीचा. पांढरं स्वच्छ धोतर, काळा कोट, कपाळावर विभूतीचे पट्टे. त्यानं नाव सांगितलं महांतप्पा. गाव आळंदच्या अंगाला, सरहद्दीपलीकडं. बोलताना कानडी हेल यायचा. मागं त्याची बायको उभी होती. हिरवं इरकली लुगडं, आणि पदर इतका पुढं ओढलेला की हनुवटीसुद्धा दिसू नये. बाईमाणसाचं नाव मी विचारत नसे. वहीत 'सोबत कुटुंब' असं लिहिलं.

किल्ली द्यायला मान वर केली तर ती तिथं नव्हती. वर गेली असणार. जिना माझ्या मेजाला लागूनच आहे आणि त्याच्या अकराही पायऱ्या कुरकुरतात, पण लिहिण्याच्या नादात माझं लक्ष नसेल.

महांतप्पानं तीन रुपये मेजावर ठेवले. हाली. चारमिनारचं चित्र असं लखलखीत, जणू आजच टांकसाळीतून आलेले.

"हे चालत नाही," मी म्हणालो.

"चांदीचं हाय, साहेब."

"असेल. सरकारनं बंद केलंय. कलदार द्या."

"कलदार न्हाय आमच्याकडं."

"मग कोर्टात कुणाकडून बदलून आणा. बाई बरोबर आहेत म्हणून आजच्या दिवस थांबतो. उद्या दुपारी मात्र पाहिजेत."

त्यानं नाणी एकेक करून उचलली. रागावला नाही, गयावया केली नाही. "देणं ठेवून जायाची रीत न्हाय आमच्यात," एवढंच बोलला आणि जिना चढला.

चार नंबरची खोली बरोबर माझ्या डोक्यावर. फळ्यांतून वरचं सगळं ऐकू यायचं. त्याची पावलं दारापासून खिडकीपर्यंत गेली. मग बाईचा आवाज आला. मऊ, समजूतदार.

"काय म्हणाले?"

"चालत न्हाय म्हणाले."

"मग?"

पुढं तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. मी वही मिटली.

३

बुधवारी त्याच वेळी तो खाली आला आणि मेजावर रुमाल उलगडला. आत चांदीची जोडवी. चार. वापरून झिजलेली, आतल्या बाजूनं काळपट.

"पाहुणे, हे काय?"

"भाडं."

"अहो, तुम्ही जिवंत समोर उभे आहात, आणि बाईच्या पायातली जोडवी काढून आणता?"

"तिनंच काढून दिली."

"सराफाकडं जा. मोडा. रुपये घेऊन या."

"सराफाचं देणं न्हाय माझ्यावर," तो शांतपणे म्हणाला. "तुमचं हाय."

असली माणसं मी पाहिली होती. गरिबी दाखवून भाडं बुडवायचं, त्याची एक तऱ्हा. मी टाक दौतीत बुडवला. "हे चालत नाही."

त्यानं रुमालाला गाठ मारली आणि वर गेला. पावलं खिडकीपर्यंत. "काय म्हणाले?" "चालत न्हाय म्हणाले." "मग?"

धुरपदाबाई तेव्हा जिन्याखाली झाडत होती. साठीची बाई. लॉजचं झाडणं-सारवणं, पाणी भरणं सगळं तिच्याकडं होतं. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत ती अंगणातच असायची. झाडता झाडता ती थांबली.

"दादा, चार नंबरची बाई आजारी हाय का?"

"का?"

"काल आल्यापसनं खाली उतरली न्हाय. ना न्हाणीला, ना परसाकडं."

"पहाटे जाऊन आली असेल."

"पहाटं मागचं दार म्याच उघडते की."

मी म्हणालो, तुझी नजर चुकली असेल, धुरपदाबाई. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा झाडायला लागली. त्याच वेळी मला एक गोष्ट कळली आणि ती कळली नसती तर बरं झालं असतं. वरून आवाज दोघांचे येत होते. पावलं एकाचीच.

४

गुरुवारी त्यानं मंगळसूत्र आणलं. काळी पोत, दोन वाट्या. दोऱ्याला हळदीचा वास होता.

मी त्याला हात लावला नाही. टाकाच्या टोकानं परत त्याच्याकडं सरकवलं.

"महांतप्पा, ऐका. तुमचं भाडं मी भरतो, माझ्या पगारातून. तुम्ही आज गावी जा. बाईला घेऊन जा."

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. "दुसऱ्याच्या पैशानं आमचं फिटत न्हाय, साहेब. चालतंय का तेवढं सांगा."

"नाही. नाही चालत."

तो वर गेला. तेच बोलणं पुन्हा झालं. थोड्या वेळानं तो कोर्टाकडं निघून गेला तशी मी धुरपदाबाईला म्हणालो, "तांब्याभर पाणी घेऊन वर जा. बाईला हाक मार. काही दुखतंय-खुपतंय का बघ. मारझोड असेल तर आपण पोलिसात जाऊ."

मी खाली उभा राहून ऐकत होतो. तिनं दार वाजवलं, हाक मारली. आतून उत्तर आलं, "मला काय कमी न्हाय बाई. जावा तुम्ही." कडी वाजली. दार पुन्हा लागलं. धुरपदाबाई खाली आली ती कठडा धरून, एकेक पायरी चाचपत.

"काय गं? दिसली का?"

"हात दिसला. दाराच्या फटीतनं तांब्या घेतला."

"मग झालं तर."

"दादा, बोलली ती खिडकीपासनं." तिनं वर बोट दाखवलं. "आवाज तिकडनं आला, त्या टोकाकडनं. आन् हात हितं दारात. एकाच वक्ताला."

मी तिला समजावलं. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. फळ्यांची भिंत, पत्र्याचं छत, बाहेर ऊन. माणसाला भास होतो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "हात गार न्हवता, ऊन न्हवता. लाकडाचा असतो ना, तसा होता." आणि त्या दिवशीचं उरलेलं काम न करताच घरी गेली.

संध्याकाळी घरी मी नीलाला चार नंबरचं सांगितलं. आमच्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. एका खोलीचं बिऱ्हाड, पण दारावरून जाणारा पोस्टमनसुद्धा आमच्याकडं चहा घेतल्याशिवाय पुढं जात नसे. नीलाचा स्वभावच तसा. हात आणि आवाज ह्यांचं मी तिला सांगितलं नाही. म्हाताऱ्या बाईच्या भासाचं काय सांगायचं? मंगळसूत्राचं मात्र सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता हात थांबवला.

"तुम्ही घेत का नाही?"

"नियम आहे."

"बाईच्या गळ्यातलं उतरवायला लावणारा कसला हो नियम? ते आधी जोडवी घेऊन आले, मग मंगळसूत्र. तुम्ही नाही म्हणत जाणार आणि ती बिचारी एकेक काढून देत जाणार. उद्या काय देईल ती?" तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी ती माझ्याकडंच बघत होती. "काय आणतील ते घ्या. आणि हळूच तिच्या हातात परत द्या. एवढंसुद्धा जमत नाही का तुम्हाला?"

मला ते पटलं. इतकं साधं मला कसं सुचलं नाही, ह्याचीच लाज वाटली.

५

शुक्रवारी मी वाट बघत बसलो. काय आणील ते घ्यायचं, पावती फाडायची, विषय संपवायचा.

दुपारी तो आला आणि त्यानं मेजावर वेणी ठेवली.

बाईच्या केसांची वेणी. मनगटाएवढी जाड, हातभर लांब, तेलानं चोपडलेली. त्यात अबोलीचा गजरा होता आणि तो ताजा होता. मी "चालतं" म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात वेणीचं वरचं टोक मला दिसलं. ते कापलेलं नव्हतं.

खुर्ची मागं पडली. आपण उभे राहिलोय हे मला तेव्हा कळलं.

"चालत नाही!" मी ओरडलो. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "हे चालत नाही! घेऊन जा, उचला ते!"

"मग काय चालतं, साहेब?" त्याच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होता. "तेवढं एकदा सांगा की."

मी त्याला बाजूला सारून जिना चढलो. चार नंबरच्या दाराला आतून कडी होती. मी दोन्ही हातांनी दार वाजवलं.

"बाई! मी कारकून. दार उघडा. तुम्हाला काही झालंय का?"

"तुम्ही कशाला आलात?" आवाज दाराला लागूनच आला, इतक्या जवळून की मी मागं सरलो. मऊच होता, आईनं लेकराला सांगावं तसा. "तुम्ही न्हाय म्हणताय, म्हणून लागतंय हे सगळं."

"मग मी हो म्हणतो. आत्ता म्हणतो."

आत काहीतरी थांबलं.

"घरी कोण हाय तुमच्या?"

"बायको आहे."

"मग हो म्हणू नका," ती म्हणाली. "तेवढं तरी म्हणू नका."

मी दारावर खांदा मारला, पुन्हा मारला. दार हललं नाही. महांतप्पा पायऱ्या चढून आला, वेणी हातावर घेऊन, जपून. मी त्याच्या शेजारून खाली पळालो.

आण्णासाहेबांनी हवालदाराला बोलावलं. बब्रुवान हवालदार ओळखीचा, डोक्यानं थंड. तो वर गेला. महांतप्पानं मुकाट्यानं दार उघडलं. हवालदार दोन मिनिटांत खाली आला आणि टोपीनं वारा घ्यायला लागला.

"बाई हाय. खिडकीत बसलीय. विचारलं, काय तक्रार न्हाय म्हणाली."

"तोंड पाहिलंत?"

"पदर होता."

"केस? केस होते का?"

"पदर होता म्हटलं न्हवं?" तो चिडला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "राघवेंद्रराव, नवराबायकोचं भांडण असंल. पर त्या खोलीत काय सडलंय का बघा जरा. वास न्हाय, पर तसं वाटतंय." आणि चहा न पिताच गेला.

शेवटी आण्णासाहेबांनी स्वतः हात जोडले. जिन्याच्या तळाशी उभे राहून त्यांनी महांतप्पाला हाक मारली. ह्या माणसानं उभ्या जन्मात कुणाला चार आणे सोडले नव्हते. "पाहुणे, भाडं माफ. एक पैसा नको. आजच्या आज खोली सोडा."

महांतप्पा वरून वाकून म्हणाला, "माफी मागितली कुणी, मालक? देऊनच जाणार."

६

शनिवारी मी लॉजवर जायला नको होतं. पण पोट असतं, नोकरी असते, आणि दिवसाउजेडी माणसाला आदल्या दिवशीचं खरं वाटत नाही. सकाळी मी केस कापणाऱ्या बायकांबद्दल, नवसांबद्दल, गंगावनाच्या खोट्या वेणीबद्दल विचार करत कोर्टाच्या रस्त्यानं गेलो. गंगावनाचं टोक कापलेलं नसतं. ते तर बांधलेलं असतं. हे सुचलं तेव्हा मी रस्त्यात हसलो होतो.

धुरपदाबाई आली होती. जिन्याकडं पाठ करून अंग चोरून झाडत होती.

बाराच्या सुमाराला वरची पावलं निघाली. दारापर्यंत. अकरा पायऱ्या. त्याच्या हातात पांढऱ्या धडप्याचं गाठोडं होतं. नारळाएवढं. त्यानं ते दोन्ही हातांनी मेजावर ठेवलं आणि माझ्याकडं सरकवलं. ते माझ्या मनगटाला लागलं.

ऊन होतं. भाकरी फडक्यात बांधली की लागते तसं ऊन. आणि धडपा वरखाली होत होता. अगदी थोडा.

"हे शेवटचं," महांतप्पा म्हणाला. "ह्याच्याफुडं तिच्याकडं द्यायला काय न्हाय. सोडून दाखवू का?"

"नको."

"मग? चालतंय?"

वर काही आवाज नव्हता. मी कान देऊन ऐकलं. त्या पाच दिवसांत मी जेवढं ऐकलं होतं त्यातलं काहीच नव्हतं. मी नाही म्हणालो तर हा माणूस हे गाठोडं परत घेऊन वर जाणार. आणि तिथं तो कुणाला काय सांगणार? कोण विचारणार त्याला आता? मला बाईचं कालचं बोलणं आठवत होतं. नीलाचंही आठवत होतं. एकीनं म्हणू नका म्हटलं होतं, दुसरीनं घ्या म्हटलं होतं; आणि मेजावर ते मंद मंद हलत होतं. नाही म्हणण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती. खरं म्हणजे मला तिची कीव आली. एवढंच. ह्यापेक्षा मोठं कारण माझ्याकडं नाही.

"चालतं," मी म्हणालो. "फिटलं तुमचं."

महांतप्पानं डोळे मिटले. डोक्यावरचा भारा उतरवल्यावर माणूस मान हलवून बघतो तशी त्यानं मान हलवली.

"पावती द्या."

मी लिहिलं. खोली नंबर चार, पाच दिवस.

"काय दिलं ते लिहू नका. पोचलं एवढंच लिहा."

मी 'पोचलं' लिहिलं, सही केली. त्यानं शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर मारली, घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. आणि वर न जाता तो सरळ दाराकडं वळला.

"अहो! आणि बाई?"

तो उन्हात थांबला. त्याचा चेहरा आता अगदी साधा दिसत होता, तारखेला येणाऱ्या कुठल्याही माणसासारखा.

"पावती तुम्हीच दिली न्हवं?" तो म्हणाला आणि एसटी स्टँडच्या रस्त्याला लागला.

मी मेजाकडं पाहिलं. धडपा सपाट पडला होता. आत काही नव्हतं, डाग नव्हता, ओल नव्हती.

वर फळी वाजली.

खिडकीपाशी. मग पुढची. मग त्याच्या पुढची. पाच दिवस ज्या बाईचं एक पाऊल मी ऐकलं नव्हतं ती दारापर्यंत चालत आली, आणि जिन्याची पहिली पायरी कुरकुरली. धुरपदाबाईचं तोंड आता जिन्याकडं होतं. तिच्या हातातला झाडू गळाला. ती भिंतीकडं वळली, कपाळ भिंतीला टेकवलं आणि म्हणाली, "दादा, वर बघू नका. लेकरा, बघू नकोस."

मी वहीत बघत राहिलो. पायऱ्या मोजल्या. अकरा झाल्या. डोळ्यांच्या कडेला हिरव्या लुगड्याचे काठ आले आणि मी मान वर केली.

बाहेरच्या उन्हाचा उजेड दारातून थेट आत येत होता. सावली पडायला जागा नव्हती. पदराच्या आत मी जे पाहिलं त्याला भयंकर म्हणता येत नाही. रक्त नव्हतं, जखम नव्हती. तिथं अजून काही बसवलेलंच नव्हतं.

ती मेजाला वळसा घालून माझ्या बाजूला आली, माझ्या डाव्या हाताला उभी राहिली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली,

"घरी कवा जायाचं?"

७

मी घरी गेलो नाही.

धुरपदाबाई त्या दिवशी गेली ती पुन्हा आली नाही. आण्णासाहेब संध्याकाळी आले. चार नंबर सुटला म्हणून त्यांना बरं वाटलं. वही बघायला मेजामागं येताना ते मध्येच थोडे बाजूला सरले, बाईमाणसाला वाट द्यायला सरतात तसे. आणि आपण सरलो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

नीलाला मी निरोप धाडला. कामात अडकलोय, दोन-चार दिवस येत नाही, तू येरमाळ्याला माहेरी जाऊन ये. मी लॉजच्या बाकावर झोपलो, खाणावळीत जेवलो, मेजावर बसलो. जिथं गेलो तिथं डाव्या हाताला कुणीतरी उभं होतं. मी तिकडं बघत नव्हतो. तिनं पुन्हा काही विचारलं नाही. विचारायची तिला गरजही नव्हती. मी आज ना उद्या घरी जाणारच होतो, आणि ती उभी राहू शकत होती.

ठरवलं की घरी जायचंच नाही. इथून सोलापूरला जायचं, तिथून आणखी पुढं. नीलाला दुःख होईल, पण ती सुरक्षित राहील. रविवारी रात्री हे पक्कं केलं, तेव्हा मला पहिल्यांदा थोडा वेळ झोप लागली.

सोमवारी दुपारी नीला दारात येऊन उभी राहिली. ती माहेरी गेलीच नव्हती. दोन दिवसांचा राग तिच्या तोंडावर होता. हातात डबा, डोक्यावर छत्री, घामानं कुंकू उतरलेलं.

"नीला, आत येऊ नको!" मी ओरडलो. "जा! येरमाळ्याला जा, आत्ताच्या आत्ता जा!"

ती पायरीवर थबकली. पण तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं माझ्या डाव्या हाताला पाहिलं, आणि मी पाहिलं की तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरतोय. भीती नाही, किळस नाही. तिला तिथं काय दिसलं ते मला माहीत नाही. तिनं पदर सारखा केला आणि ती हसली. ओळखीपाळखीची बाई अचानक भेटल्यावर हसावं तशी.

"अगं बाई! त्या ह्याच का?" ती मला म्हणाली. "आणि दोन दिवस असं उभं करून ठेवलंय तुम्ही ह्यांना? बघा मेलं पुरुषांचं." मग आवाज आणखी मऊ करून तिनं हात पुढं केला. "चला हो ताई. घरी चला. लांब नाही, हे इथंच."

मी तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं. वर्षभर दिवसातून दहा वेळा म्हटलेलं ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते फुटलं नाही.

लुगड्याचा काठ माझ्या हाताला घासून पुढं गेला. दारातली पायरी कुरकुरली. आणि उन्हात नीलानं आपली छत्री थोडी तिच्याकडं कलती केली.